पस्तिशीचा हिशेब : नर्सिंग की डॉक्टरी?

"डॉक्टर व्हायचं वय तर गेलं, आता निदान नर्सिंग तरी करते." जुन्नर-आंबेगावात तिशी ओलांडलेल्या बायकांकडून असं काहीसं नेहमी ऐकायला मिळतं. धाकटं मूल शाळेत जायला लागलेलं असतं. सासऱ्यांच्या आजारपणात मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा पुण्याला ससूनमध्ये मुक्काम पडलेला असतो. वॉर्डातली धावपळ जवळून पाहिलेली असते, आणि आपल्यालाही हे जमलं असतं ही जुनी हुरहूर वर येते. ती कधी अंगणवाडी सेविका असते, कधी आशा, कधी पतसंस्थेत हिशेब लिहिणारी पदवीधर. पुरुषही असतात. औषधाच्या दुकानात उमेद खर्ची घातलेल्या माणसालाही हा प्रश्न पडतो. ही हुरहूर खरी असते आणि तिचा मान राखायला हवा. पण वरच्या वाक्यातली दोन्ही गृहीतकं चुकीची आहेत. डॉक्टर व्हायचं वय नियमाने गेलेलं नसतं. आणि नर्सिंग ही काहीच जमलं नाही तर धरायची वाट नाही. उलट तिचंच दार आधी बंद होतं.

आधी नियम पाहू, कारण इथेच बहुतेकांची दिशा चुकते. एमबीबीएससाठी 'नीट' परीक्षेला एकेकाळी खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षं अशी कमाल मर्यादा घातली होती. तो वाद न्यायालयांत गेला, आणि २०२२ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली. आज वयाची अट फक्त खालून आहे : १७ वर्षं पूर्ण हवीत. २०२० मध्ये ओडिशातले ६४ वर्षांचे एक निवृत्त बँक कर्मचारी नीट उत्तीर्ण झाले आणि बुर्ला येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला बसले.

नर्सिंगचं मात्र वेगळं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका), जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र पदविका) आणि बी.एस्सी. नर्सिंग या तिन्ही अभ्यासक्रमांना प्रवेशाची कमाल मर्यादा ३५ वर्षांची आहे. म्हणजे ३६ वर्षांच्या माणसाला कागदोपत्री डॉक्टर होता येतं, परिचारिका होता येत नाही. ही विसंगती मला पटत नाही. पण नियम आहे तोवर हिशेब त्यालाच धरून मांडायला हवा.

या नियमात एक फट आहे आणि ती प्रत्येक इच्छुकाला ठाऊक असायला हवी. एएनएम झालेल्या उमेदवाराला जीएनएमसाठी वयाची अट नाही. एएनएम दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तो फक्त महिलांसाठी आहे आणि कला शाखेतून बारावी केलेल्यांनाही चालतो. जीएनएम तीन वर्षांचा. त्याला इंग्रजी विषयासह बारावीत किमान ४० टक्के लागतात. विज्ञान शाखेला प्राधान्य असलं तरी इतर शाखांना बंदी नाही. बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षं लागतात आणि तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवंच. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पुढे पदवी मिळवता येते. म्हणून चौतिसाव्या वर्षी एएनएमला प्रवेश घेतलेल्या बाईपुढे सगळा रस्ता मोकळा राहतो, आणि छत्तिसाव्या वर्षी जागी झालेल्या बाईपुढे पहिलं पाऊल टाकायलाच जागा उरत नाही. दोन वर्षांच्या चालढकलीने अख्खी वाट जाते.

मोठ्या वयात या क्षेत्रात येण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे जाऊन आठ वर्षं झाली होती. सेवासदनात येणाऱ्या बायकांमध्ये विधवा पुष्कळ होत्या. संसार मोडलेला, माहेरी आधार बेताचा आणि हातात कमाईचं काही नाही. रमाबाई आणि त्यांचे सहकारी गोपाळ कृष्ण देवधर यांनी त्यांच्यासाठी ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणाची सोय केली. त्याच आवारातल्या बी. जे. मेडिकल स्कूलमध्ये सब-असिस्टंट सर्जनचा वर्ग चाले. सेवासदनाने त्या वर्गासाठीही मुली पाठवल्या. एकाच संस्थेतून निघून एकाच आवारात जाणाऱ्या बायकांपैकी काही वॉर्डाकडे वळत, काही शरीररचनाशास्त्राच्या वर्गाकडे. आपल्यापुढचाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पुण्यात असा उभा राहिला होता.

त्या काळी नर्सिंगवर समाजाचा रोष जास्त होता. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, कोणत्याही जातीच्या रुग्णाची चादर बदलायची, हे सोवळ्यात वाढलेल्या विधवेने करायचं म्हणजे घराण्याला बट्टा. डॉक्टरी शिकणाऱ्या बाईला निदान दरारा मिळे. रखमाबाईंनी बालपणीचं लग्न नाकारून न्यायालयात झुंज दिली, १८८९ मध्ये पंचविशीत त्या लंडनला वैद्यकीय शिक्षणाला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोटला आयुष्यभर काम केलं. त्यांचं नाव आज घराघरात माहीत आहे. सेवासदनातून ससूनच्या वॉर्डात गेलेल्या पहिल्या परिचारिकांची नावं किती जणांना सांगता येतील? या दोन कामांना समाज एका मापाने मोजत नाही, आणि पस्तिशीतल्या माणसाच्या निवडीत हे मापच पुष्कळदा आडवं येतं. नातेवाइकांना सांगायला काय बरं वाटेल, यावर पुढची पंचवीस वर्षं कशी जातील हे ठरवू नये.

दोन्ही कामांत फरक काय, हे पाहायला नारायणगावसारखी जागा नाही. इथे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारात दीर्घकाळ काम केलं आहे, आणि जुन्नर तालुक्यात सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये यासाठी त्यांची मोहीम चालते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप या भागात आहेत. पूर्वेकडे टोमॅटो, कांदा, द्राक्ष, ऊस, पश्चिमेकडे भातखाचरं. पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत आणि रात्री पिकाला पाणी देताना पान लागतं. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. दंशाची खूण जवळपास दिसतच नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो आणि थोड्या वेळात त्याच्या पापण्या जड होऊ लागतात.

असा रुग्ण दवाखान्यात आला की डॉक्टरचं काम सुरू होतं ते ओळखण्यापासून. साप कोणता असेल? विष मज्जासंस्थेवर चाललंय की रक्तावर? प्रतिसर्पविष द्यायचं का, किती कुप्यांनी सुरुवात करायची, श्वासासाठी नळी घालायची वेळ आली आहे का, पुण्याला हलवायचं की इथेच ठेवायचं? साधारणपणे आठ ते दहा कुप्या सलाइनमध्ये मिसळून सुमारे तासाभरात देतात. प्रतिसर्पविषाचीच तीव्र ॲलर्जी येऊन रुग्ण दगावू शकतो, म्हणून ॲड्रिनलिन हाताशी ठेवावं लागतं. हे सगळे निर्णय अपुऱ्या माहितीवर काही मिनिटांत घ्यायचे असतात, आणि चुकला तर निर्णय घेणाऱ्याचा चुकतो.

परिचारिकेचं काम तिथूनच सुरू होतं आणि रात्रभर चालतं. शिरेतून थोडं रक्त काढून ते स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरपी करून पाहायचं. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने ते गोठणं थांबवलं आहे. ही परीक्षा दर सहा तासांनी पुन्हा. मधल्या वेळात लघवी किती झाली, सूज किती वर चढली, मान उचलता येते का, श्वासाचा वेग काय, अंगावर पित्त उठतंय का. सलाइन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत रुग्णाचा चेहरा बदलला तर ते सर्वांत आधी तिला दिसतं, आणि ती वेळेत ओरडली नाही तर डॉक्टरच्या ज्ञानाचा उपयोग होत नाही. शेजारी रुग्णाची आई रडत असते, तिलाही तीच सांभाळते. सकाळी पाळी संपताना पुढच्या सिस्टरला सगळं सांगून ती घरी जाते.

मध्यम वयात निवड करणाऱ्याने स्वतःला एवढंच विचारावं : या दोघांपैकी कोणाच्या जागी आपल्याला उभं राहावंसं वाटतं? काहींना 'हे कशामुळे झालं' हा प्रश्न झोपू देत नाही. निदान करण्याची, शेवटचा शब्द आपला असण्याची त्यांना ओढ असते. अशा माणसाने तडजोड म्हणून नर्सिंगला जाऊ नये. तो वॉर्डात आयुष्यभर चरफडत राहील आणि रुग्णालाही ते जाणवेल. काहींना मात्र माणसाच्या उशाशी थांबणं जमतं. त्याचं दुखणं तासातासाने पाहत त्याला उभं करण्यात त्यांना समाधान मिळतं. घरात म्हातारी माणसं सांभाळलेल्या, मुलं वाढवलेल्या अनेकांकडे ही क्षमता आधीच तयार असते. वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन ती वाया घालवण्याचं कारण नाही.

आता वर्षांची आणि पैशांची बेरीज. समजा, ओतूरची ३२ वर्षांची, विज्ञान शाखेतून बारावी झालेली बाई डॉक्टरीचा विचार करते आहे. नीट ७२० गुणांची परीक्षा असते. पंधरा वर्षांपूर्वी सोडलेलं भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पुन्हा हाती धरायचं, तेही कोचिंगमध्ये दोन-दोन वर्षं घालवलेल्या अठरा वर्षांच्या मुलांसमोर. एक-दोन वर्षं त्यात जातील. नीटमध्ये पात्र ठरणं आणि सरकारी जागा मिळणं यांत मोठं अंतर आहे, हे तयारीला बसण्याआधीच समजून घ्यावं. खासगी महाविद्यालयात वर्षाचं शुल्क दहा लाखांच्या घरात आणि वरही जातं. ते शेती विकून भरण्याचा विचार कोणी सांगितला तर तो ऐकू नये. प्रवेश मिळाला की साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता. पूर्ण करायला कमाल नऊ वर्षांची मुदत, आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चारच संधी. सरकारी महाविद्यालयातून शिकल्यास महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा, नाहीतर दहा लाखांचा दंड. म्हणजे ती डॉक्टर होऊन बाहेर पडेल तेव्हा चाळिशी आलेली असेल. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हटलं तर आणखी तीन वर्षं. ज्यांच्याकडे बारावीला जीवशास्त्र नव्हतं त्यांनाही २०२३ पासून तो विषय नंतर देऊन नीटला बसता येतं.

चाळिशीच्या या हिशेबावर नोकरीचा नियम येऊन आदळतो. राज्य सरकारच्या सरळसेवा भरतीत वयाची सर्वसाधारण मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. चाळिशीत डॉक्टर झालेल्या खुल्या प्रवर्गातील बाईला प्राथमिक आरोग्य केंद्राची कायम नोकरी मिळणं त्यामुळे अवघड. कंत्राटी जागा किंवा स्वतःची प्रॅक्टिस एवढंच उरतं. प्रॅक्टिसला निवृत्तीचं वय नाही, ही डॉक्टरीची खरी जमेची बाजू. पण ती जमायलाही काही वर्षं लागतात.

तीच बाई ३२व्या वर्षी जीएनएमला गेली तर पस्तिशीत परिचारिका म्हणून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीकृत होते, आणि सरकारी भरतीसाठी तिच्याकडे अजून तीन वर्षं असतात. सातव्या वेतन आयोगात अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं, आरोग्य सेविकेचं २५,५०० पासून आणि गट अ वैद्यकीय अधिकाऱ्याचं ५६,१०० पासून. वैद्यकीय अधिकाऱ्याचा आकडा मोठा आहे, पण तो हाती यायला चार-पाच वर्षं जास्त लागतात आणि तोवर घरातून पैसे जात राहतात. खासगी रुग्णालयांत परिचारिकांना मिळणारा पगार मात्र अनेक ठिकाणी लाजिरवाणा आहे, आणि तालुक्याच्या गावी जास्तच. नर्सिंगची वाट धरताना सरकारी भरतीवर डोळा ठेवूनच धरावी.

शरीराचाही विचार हवा. नर्सिंग सोपं आणि डॉक्टरी कठीण, असा एक समज आहे. अभ्यास डॉक्टरीचा कठीण, यात शंका नाही. पण अंगमेहनत नर्सिंगची जास्त. आठ-आठ तास उभं राहणं, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणं, आठवड्याला बदलणाऱ्या पाळ्या, रात्रपाळीनंतर घरी येऊन डबे करणं. इंग्लंडमधल्या सिसिली सॉंडर्स यांचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका झाल्या, पण पाठीच्या दुखण्याने त्यांना ते काम सोडावं लागलं. मग त्या रुग्णालयातच समाजसेविका झाल्या. मरणासन्न रुग्णांच्या वेदनांवर काम करायचं असेल तर डॉक्टर हो, असा सल्ला त्यांना एका शल्यविशारदाने दिला. तिशी ओलांडल्यावर त्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १९५७ मध्ये, ३८-३९ व्या वर्षी, डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमधून मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची काळजी घेण्याचं आधुनिक शास्त्र जगभर पसरलं. वेदनाशामक औषध ठरावीक वेळी, वेदना परत येण्याआधीच द्यायचं, हा त्यांच्या उपचाराचा गाभा होता, आणि रुग्णाजवळ तासन्‌तास थांबल्याशिवाय ते कळलं नसतं.

सॉंडर्स यांच्यासारखं आधी नर्सिंग आणि मग डॉक्टरी असं आपल्याकडे करता येतं का? येतं, पण कसलीही सवलत मिळत नाही. परिचारिकेला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश नाही. तिलाही नीट द्यावी लागते आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते. 'नर्सिंग करा, पुढे डॉक्टर होता येईल' असं सांगणारे एजंट फिरत असतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात आणखी एक वाट आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. डिंभे धरणाच्या वर, तळेघर, आहुपे, भीमाशंकरकडे, आणि जुन्नरच्या बाजूला आपटाळे, इंगळूनकडे महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या डोंगरात विखुरलेल्या आहेत. आदिवासी व डोंगरी भागात साधारण ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र हा निकष आहे. पावसाळ्यात ओढे भरले की उपकेंद्रातली आरोग्य सेविका हीच कित्येक गावांची पहिली आणि काही वेळा एकमेव आरोग्य व्यवस्था असते. आता उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची नेमणूक होते. सहा महिन्यांचं जादा प्रशिक्षण घेतलेले बीएएमएस डॉक्टर आणि परिचारिका, दोघेही या पदाला पात्र असतात. रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण, ताप यांची तपासणी करायची, ठरवून दिलेली औषधं द्यायची, आणि गंभीर रुग्ण ओळखून वर पाठवायचा. म्हणजे निर्णयाचा काही वाटा परिचारिकेच्या हाती आला आहे. घोडेगाव किंवा जुन्नरच्या आदिवासी घरातली, इथली बोली जाणणारी, तिशीतली बाई या जागेवर बसली तर पुण्याहून बदली होऊन येणाऱ्या आणि पहिल्या संधीला परत जाणाऱ्या कर्मचाऱ्यापेक्षा ती जास्त टिकेल आणि लोकांना जास्त उपयोगी पडेल. या भागातल्या आरोग्याची अडचण फक्त डॉक्टरांच्या तुटवड्याची नाही. इथे राहायला तयार असलेल्या शिकलेल्या माणसांचाही तुटवडा आहे.

म्हणून माझा कौल असा : वय ३५च्या आत, घर-संसार पाठीशी आणि याच दोन तालुक्यांत राहून काम करायचं असेल, तर नर्सिंग निवडा. शक्य असेल तर थेट जीएनएम किंवा बी.एस्सी., नाही तर एएनएमपासून. डॉक्टरीची ओढ खरोखरच अनावर असेल, घरची आठ-दहा वर्षांची बेगमी असेल आणि पहिल्या सराव परीक्षांत गुण बरे पडत असतील, तरच नीटच्या मागे लागा. त्याला दोन वर्षांची मुदत स्वतःच घालून घ्या.

पस्तिशी ओलांडलेल्यांना एक कळकळीची विनंती. नोंदणीकृत नर्सिंगचं दार बंद झाल्याचं पाहून सहा महिन्यांत 'नर्सिंग'चं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था नेमक्या तुमच्याकडेच येतात. त्या प्रमाणपत्रावर परिषदेची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून काम मिळत नाही. शुल्काचा पहिला रुपया भरण्याआधी संस्थेचं नाव भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद या दोन्हींच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः शोधा. नाव सापडलं नाही तर तिथून उठून या, आणि गावातल्या दुसऱ्या बाईलाही तसं सांगा.